सुगीच्या मेजावर

पाळकघर,
११ ऑक्टोबर १९९४

प्रिय शमू,

सलाम. बाबांचाही सलाम लिहिला असता, पण त्यांनी तो सांगितलेला नाही, आणि आताशा मला खोटं लिहायचासुद्धा कंटाळा येतो.

तुझा भिंगारचा पत्ता आपल्या गावच्या गोरक्षने दिला. राहात्याच्या बाजारात पेरूच्या पाट्यांमागे बसला होता. म्हणाला, "ताई, शमूभाऊ फौजेच्या गोदामात लागलाय, क्वार्टर मिळालंय, लग्न बी केलंय." मी असं तोंड केलं की जणू मला सगळं माहीतच होतं. मग घरी येईपर्यंत तुझ्या बायकोचं नाव मनात घोळवत राहिले. सीमा. चांगलं नाव आहे. तिला माझा नमस्कार सांग.

बाबांच्या डोळ्यांचं लिहायला बसले आहे. काचबिंदू आहे. नगरला दाखवलं, डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. उरलेली म्हणजे उजव्या डोळ्यात दिवसा थोडासा उजेड. तरी दर रविवारी ते उपदेश करतात. शनिवारी मी त्यांना अध्याय वाचून दाखवते, पुन्हा वाचते, पुन्हा वाचते, ते पाठ करतात, आणि रविवारी देवळात पुलपिटावर पवित्र शास्त्र उघडून वाचल्यासारखं करतात. मागच्या महिन्यात शास्त्र उलटं धरलं होतं. रखमाजी पंच, तुला आठवतात ना, ते पहिल्या बाकावरून उठले, पुस्तक सुलटं करून दिलं आणि परत जाऊन बसले. मंडळीत कोणी हसलं नाही. मला वाटलं, एखादं हसलं असतं तर बरं झालं असतं.

रात्रीच्या प्रार्थनेत ते अजून तुझं नाव घेतात. तेच शब्द. "माझा मुलगा शमुवेल तुझ्या मळ्यात राबतो आहे, त्याला बळ दे." हेच ऐकून तू त्या वर्षी नाताळात भर उपासनेतून उठून गेलास, आणि पाळक व्हायच्या सेमिनरीतून पळून आलेला मुलगा अजून देवाच्याच मळ्यात आहे हे बाबांनी सगळ्या गावासमोर म्हणणं सोडलं नाही. परवा मी म्हटलं, "बाबा, तो ब्लँकेटं मोजतो." ते म्हणाले, "देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत."

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सुगीचा सण आहे. ये. सीमालाही आण. बाबांना सांगू नकोस की मी बोलावलं.

तुझी,
दुर्कसताई


पाळकघर,
८ नोव्हेंबर १९९४

प्रिय शमू,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणीही रागावलास की मूग गिळून बसायचास, आणि आई म्हणायची, असू दे, भूक लागली की बोलेल.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. लपवली असंच म्हण. नगरला मुलींच्या बोर्डिंगमध्ये मेट्रनची जागा रिकामी होते आहे. आधीच्या बाई नाताळनंतर निवृत्त होतात. त्यांनी मला विचारलं आहे. राहायला खोली, जेवण तिथेच. मुलींना उठवायचं, त्यांचे केस, ताप, रडणं, अभ्यास बघायचा. हे सगळं मी आयुष्यभर केलंच आहे, फक्त मुली नव्हत्या.

मला जायचं आहे, शमू. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे. मोठ्याने तर घरातल्या घरातही कधी म्हटलं नाही.

तू देवाला वाहिलेला मुलगा. माझ्यानंतरची दोन बाळं गेली, म्हणून आईने नवस केला की मुलगा जगला तर तो देवाचा. नवस हा शब्द बाबांना आवडायचा नाही, ते "समर्पण" म्हणायचे, पण आईने केला तो नवसच. त्यामुळे तुला दूध, तुला शाळा, तुला नवा सदरा, कारण तू पाळक होणार. माझ्याबद्दल कोणी देवाला काहीच बोललं नव्हतं. वाहिलेला तू, आणि राबले मी. आई आजारी पडली तेव्हा मला आलेलं स्थळ परत गेलं. मग तिच्यामागे बाबा. मी तक्रार करत नाही. नाही, करते आहे. चाळिशी उलटली, आता करायला हरकत नाही.

बाबांना त्या जागेचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "देवावर भरवसा ठेव, दुर्कस. तो तुला इथेच पुरेसं देईल." देव देतो हे खरं आहे. पण रॉकेलच्या रांगेत मी उभी राहते, हापशावरून पाणी मी आणते, त्यांच्या लेंग्याची नाडी मी ओवते. भरवसा बाबांनी ठेवायचा आणि तो पुरवायला मी धावायचं, अशी आमच्या घरची विभागणी आहे. मी विचारलं, "मग शमूकडे भिंगारला राहाल का?" म्हणाले, "मंडळी सोडून मी कुठे जाऊ? देवाने मला इथे नेमलंय." भिंगारला जायचं नाही आणि मला जाऊ द्यायचं नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली गत.

तू येऊन त्यांच्याशी बोल. तुझ्याशिवाय हे सुटणार नाही. एवढं तरी कर.

ताई


पाळकघर,
२८ नोव्हेंबर १९९४

प्रिय शमू,

तू आला नाहीस. आला असतास तर जे झालं ते झालं नसतं, किंवा तुझ्यावर झालं असतं.

सुगीचा सण तुला ठाऊक आहे, तरी सीमाला सांगण्यासाठी लिहिते. गोरक्ष म्हणाला तिचं माहेर बौद्ध, तर त्यांच्या विहारात असं नसणार. शेतातलं, परसातलं जे पहिलं चांगलं असेल ते माणसं देवळात आणतात आणि वेदीपुढच्या मोठ्या मेजावर ठेवतात. बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आपल्याकडचे पेरू. उपासना झाली की त्याचा तिथेच लिलाव होतो. आणि बाबांचा नियम तुला आठवत असेल, त्यावरून एकदा भांडणही झालं होतं. ज्याने दिलं त्याने बोली लावायची नाही, त्याने परत हात लावायचा नाही. दिलं ते दिलं. घेणारा त्याचं काय वाटेल ते करील, देणाऱ्याने बोलायचं नाही. आसपासच्या गावांत एवढं कडक कोणी पाळत नाही. आपल्याकडे पाळतात.

तुलाही याच मेजावर ठेवलं होतं. चार महिन्यांचा होतास, भोपळ्यांमध्ये. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. लिलाव सुरू व्हायच्या आधी बाबांनी तुला उचलून घेतलं आणि म्हणाले, "याची बोली नाही." सगळे हसले होते.

काल देऊळ भरलं होतं. बाबांचा उपदेश झाला, चांगला झाला, आज्ञापालनावर होता. मग ते खाली उतरले आणि हाताने चाचपडत माझ्याकडे आले. मी पहिल्या बाकाच्या टोकाला बसते, त्यांना धरता यावं म्हणून. त्यांनी माझं कोपर पकडलं. मला वाटलं पाणी हवंय. त्यांनी मला मेजापाशी नेऊन उभं केलं आणि मोठ्याने म्हणाले, "माझ्या घरी शेत नाही. माझी सुगी ही माझी मुलगी. आज मी दुर्कसला देवाला वाहतो. ती हे पाळकघर आणि ही मंडळी सोडून कुठेही जाणार नाही."

दोन-तीन बाया आमेन म्हणाल्या. त्यांतल्या मनकर्णाने डोळ्यांना पदर लावला. माझ्या एका बाजूला भोपळा होता, दुसऱ्या बाजूला एक कोंबडी, आणि मी मध्ये उभी. शमू, मला राग आला नाही. मला फक्त इतकं थकल्यासारखं झालं की वाटलं, इथेच मेजाला टेकून झोपावं.

बाबांनी हे दुष्टपणाने केलं नाही, एवढं समजून घे. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. त्यांना खरंच वाटत होतं की ते देवाला काही देत आहेत.

रखमाजी पंचांनी खाकरून लिलाव सुरू केला. पेरूंपासून केला, माझ्याकडे न बघता. कणसं गेली, ऊस गेला, भोपळा गेला. मी उभीच. हलले असते तर ते सगळ्यांसमोर बाबांना दिलेलं उत्तर झालं असतं, आणि ते द्यायची माझी हिंमत नव्हती. शेवटी मेज रिकामं झालं. पंच म्हणाले, "झालं. आता आशीर्वाद."

तेवढ्यात मागून बनुबाई उठली. तीच, आपल्या मागल्या गल्लीतली, जिला दात नाहीत आणि जी उपदेशात झोपते म्हणून बाबा चिडायचे. म्हणाली, "रखमाजी, एक ऱ्हायलं की."

"काय ऱ्हायलं, मावशे?"

"ही पोरगी. मेजावर ठिवली न्हवं? मंग बोली व्हऊ द्या."

पंच म्हणाले, "मावशे, मानसाची बोली कशी लावायची?"

"का? पाळकबाबांनी वाहिली न्हवं? म्या काय पैसंवाली न्हाई. माजी अंडी घालनारी कोंबडी हाय घरी, ती दिली. हाय कुनी जास्तीचं देनारं?"

कोणी जास्तीची बोली लावली नाही. पंचांनी बाबांकडे बघितलं, बाबांना ते दिसलं नाही. मग पंच, शमू, त्यांनी खरंच तीनदा पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा, बनुबाईची.

बाबा म्हणाले, "बनुबाई, ही थट्टेची जागा नाही."

ती म्हणाली, "थट्टा न्हाई, पाळकबाबा. तुमीच शिकवलंय, देनाऱ्यानं परत हात लावायचा न्हाई. आता ही माजी हाय. आन मी तिला म्हनते," आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जा पोरी. नगरला जा. लई झालं."

बाबांनी आशीर्वाद दिला, पण नेहमीचे शब्द त्यांना सापडेनात. मधले दोन विसरले. घरी आल्यावर ते खाटेवर बसून राहिले. मी भाकरी पुढे ठेवली तर म्हणाले, "तिने माझी चेष्टा केली."

मी म्हटलं, "नाही बाबा. तिने तुमचा नियम पाळला."

यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

ताई


पाळकघर,
१३ डिसेंबर १९९४

प्रिय शमू,

सीमाचं कार्ड आलं. दोनच ओळी. "हे तुमची पत्रं वाचतात. बोलत नाहीत, पण फाडत नाहीत." तिला माझ्याकडून आभार. तुझ्या घरात तूच एक मुका दिसतोस.

बनुबाई दुसऱ्या दिवशी कोंबडी घेऊन खरंच आली होती. पंचांनी ती मंडळीच्या नावाने घेतली आणि आपल्या खुराड्यात ठेवली. आता सगळ्यांना वाटतं गोष्ट मिटली, मी जाणार. मिटलं काहीच नाही. बोर्डिंगला अजून होकार कळवलेला नाही.

तुला माझं खरं सांगते. देवाचं ऐकायचं तर कुठलं ऐकायचं, हे मला समजत नाही. आईबापांचा मान राख, हे ऐकतच मी मोठी झाले, आणि ते चुकीचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. बाबा म्हणतात, थांब. बिनदाताची बनुबाई म्हणते, जा. यातला देव कुठला? मी रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी गुडघ्यावर बसते आणि विचारते. काही ऐकू येत नाही. शास्त्रातल्या ज्या शमुवेलावरून तुझं नाव ठेवलं त्या मुलाला निदान रात्री देवाची हाक तरी आली होती. मला फक्त शेजारच्या आबासाहेबांच्या गोठ्यातली म्हैस ऐकू येते.

काल बनुबाई पायरीवर येऊन बसली. मी तिला म्हटलं, "मावशी, मी गेले तर बाबांचं कोण बघील?"

ती म्हणाली, "तू कवा कुनाला बघू दिलंस? मागं म्या कोरड्यास आनलं तर तू म्हनलीस, केलंय घरी. रखमाजीचा ल्योक पानी आनाया आला तर तू म्हनलीस, ऱ्हाऊ दे. देव काय निस्ता तुज्याच हातानं देतो व्हय?"

मला इतका राग आला की मी आत निघून गेले. परातीत पीठ घेतलं आणि मळत बसले, गरज नसताना. शमू, तिचं म्हणणं मला लागलं, कारण मी देवावर भरवसा ठेवते असं सगळीकडे सांगते आणि घरातली एक घागरसुद्धा दुसऱ्याच्या हातात देत नाही. बाबा भरवसा बोलतात आणि मी तो पाळते असं मला वाटायचं. आम्ही दोघंही एकसारखेच आहोत की काय, असं आता वाटायला लागलं आहे. ते मला सोडत नाहीत आणि मी त्यांना.

संध्याकाळी पंचांकडे गेले आणि म्हटलं, बाबांकडे बघायच्या पाळ्या लावता येतील का. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आमी कवाची वाट बघत व्हतो, ताई." मंडळीतल्या घरांनी वार वाटून घेतले. बनुबाईने शनिवार मागून घेतला, अध्याय वाचून दाखवायचा दिवस. तिला वाचता येत नाही. म्हणते, नातीला बसवीन वाचायला, मी ऐकीन, न्हाईतरी उपदेशात झोप येती.

बोर्डिंगला होकार लिहिला. पेटीत टाकल्यावर हात परत आत घालून काढता आला असता तर काढला असता.

तू येशील का? शेवटचं विचारते.

ताई


मुलींचं बोर्डिंग, नगर
८ जानेवारी १९९५

प्रिय शमू,

मी आले. परवा दुपारी. भिंगार इथून किती जवळ आहे हे तुला मी सांगायला नको.

नाताळ झाला. बाबा मंडळीशी बोलत होते, माझ्याशी कामापुरतं. "दुर्कस, चष्मा." "दुर्कस, चप्पल." मी ट्रंक भरत होते तेव्हा ते खाटेवर बसून आवाज ऐकत होते. प्रत्येक वस्तू ठेवली की मान थोडी हलायची. मी साड्या हळूच ठेवत होते, तरी त्यांना कळत होतं.

निघायच्या सकाळी म्हणाले, "मी येतो थांब्यापर्यंत." मी एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात त्यांना धरून निघाले. पंचांनी ट्रंक हातातून काढून घेतली आणि पुढे चालू लागले, तेवढं बरं केलं. थांब्यावर कडुनिंबाखालच्या दगडावर बाबांना बसवलं. ऊसतोडीच्या गाड्या जात होत्या, धूळ होती. मला वाटत होतं, आता ते आशीर्वाद देतील, किंवा परत एकदा थांब म्हणतील. दोन्हींची मी तयारी केली होती. थांब म्हणाले तर काय बोलायचं ते रात्रभर मनात घोकून ठेवलं होतं.

ते म्हणाले, "दुर्कस, मला भीती वाटते गं."

बस, एवढंच. शमू, आपल्या बाबांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हा नाही, डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं तेव्हा नाही. सगळी हयात हा माणूस दुसऱ्यांना सांगत आला, भिऊ नका. त्यांचा चेहरा एवढा लहान झाला होता. मी घोकलेलं सगळं विसरले. मी त्यांच्या शेजारी दगडावर बसले आणि म्हटलं, "मलाही वाटते, बाबा."

मग आम्ही दोघं तसेच बसलो. त्यांनी प्रार्थना केली नाही, मीही केली नाही. लांबून एसटी येताना दिसली तेव्हा मला वाटलं, जाऊ दे ही. उद्याची आहेच. आणि उद्या मी परत असंच म्हटलं असतं, हे मला त्याच क्षणी कळलं. देव माझ्याशी बोलला असं मी कोणालाही सांगणार नाही, कारण नाही बोलला. पण एवढं कळलं की हा म्हातारा आजवर माझा होता, आणि तो मला देवाच्या हाती द्यायचा आहे, आणि देव नेमका कसा घेतो ते बघायला मी तिथे असणार नाही. मेजावर माणूस ठेवायची पाळी त्या सकाळी माझी होती. मी त्यांचा हात पंचांच्या हातात दिला. बाबांनी लगेच सोडला नाही. मग सोडला.

मी गाडीत चढले. खिडकीतून मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उतरले असते.

इथे संध्याकाळी मुलींच्या रांगेत मलाही पाटावर बसवलं. एका बाईने माझ्यापुढे ताट ठेवलं. भात, वरण, वांग्याची भाजी. मी न रांधलेलं. उपकार मानायला डोळे मिटले आणि रडू आलं, थांबेचना. मुली आपल्या हात जोडून वाट बघत बसल्या, जेवण निवलं, आणि एकीने दुसरीला हळूच म्हटलेलं मी ऐकलं, "नव्या बाईंची प्रार्थना लई मोठी आहे."

तुला मी आता ये म्हणणार नाही. चार पत्रांत तीनदा म्हटलं, तेवढं पुरे. बाबांनी तुला देवाला वाहिलं हे तू त्यांना माफ कर की करू नकोस, ते तुझं तू बघ. मी त्या भांडणात राहिले नाही.

फक्त एक कळवायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कळवायला मला जगात दुसरं कोणी नाही. बाबा घाबरलेले आहेत, शमू. पाळकसाहेब नाही. बाबा.

तुझी,
दुर्कस